अंगणातल्या कुत्र्याचे पहिले वर्ष

जळगावच्या पिंप्राळा भागातल्या घराच्या अंगणात वाढणारे गावठी पिल्लू बहुधा मार्गशीर्ष-पौषात येते. गावठी कुत्र्यांच्या माजाचा मुख्य काळ भाद्रपद, आणि गर्भ सुमारे ६३ दिवसांचा. त्यामुळे कार्तिकात बांधकामावरच्या वाळूच्या ढिगात, गॅरेजच्या मागे, बंद घराच्या ओट्याखाली पिल्ले दिसू लागतात आणि थंडीचा कडाका वाढला की त्यांतले एखादे कोणाच्या तरी दारात येऊन राहते. विकत आणलेले लॅब्रेडोर किंवा जर्मन शेफर्ड वर्षात केव्हाही येते. तरीही जळगावच्या उन्हाचा आणि अंगणातल्या राहणीचा विचार केला, तर गावठी कुत्र्याइतके या जागेला जुळणारे जनावर दुसरे नाही. दाट केसांचा हस्की किंवा चपट्या नाकाचा पग या गावी अंगणात ठेवणे म्हणजे त्याला दर वैशाखात मरणाच्या दारात उभे करणे.

अंगण म्हणजे कुठे जुन्या वस्तीतल्या ओट्यापुढची मोकळी जागा, कुठे पिंप्राळा हुडकोतल्या घरापुढची चार पावलांची पट्टी, तर कुठे नव्या प्लॉटवरच्या बंगल्याचे लोखंडी गेट लावलेले कंपाउंड. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी असते. अंगणातला कुत्रा दिवसातले बरेच तास एकटा असतो आणि त्या तासांतही तो शिकत असतो. घरातला माणूस सकाळ-संध्याकाळ मिळून फार तर अर्धा तास शिकवतो. उरलेला वेळ गेट, गल्ली, माती, खारी आणि येणारे-जाणारे लोक शिकवतात. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून दाखवले की ज्या कृतीमागून सुखाचे काही घडते ती कृती पुन्हा पुन्हा होऊ लागते. अंगणातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच सापडते. सकाळी दूधवाला गेटपाशी येतो, कुत्रा भुंकतो, दूधवाला पिशवी अडकवून निघून जातो. तो आपल्या कामाने गेला हे माणसाला ठाऊक असते. कुत्र्याच्या दृष्टीने मात्र भुंकण्यामुळे परका पळाला. हा धडा रोज सकाळी, एकदाही न चुकता, कोणी न शिकवता गिरवला जातो. त्यापुढे रविवारी तासभर घेतलेली शिकवणी टिकत नाही, याचे नवल वाटायला नको. म्हणून या कामात आधी अंगण लावून घ्यायचे आणि मग कुत्र्याला शिकवायचे, हाच क्रम धरावा लागतो.

पिल्लू घरी आले की पहिले काही आठवडे सर्वांत मोलाचे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बर येथे अनेक वर्षे पिल्लांचे निरीक्षण करून १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातून हे पक्के झाले की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, ऐकते, हुंगते, ते त्याच्या जगातले नेहमीचे होऊन बसते. पुढे दिसणाऱ्या नव्या गोष्टीची त्याला आधी भीती वाटते. पिंप्राळ्याला रेल्वे जवळ. लोहमार्गालगतच्या घरांत वाढलेले पिल्लू मालगाडीच्या धडधडीत गाढ झोपते. तेच पिल्लू मोठे झाल्यावर पहिल्यांदा ढोल ऐकते तेव्हा पलंगाखाली शिरते. गाडी त्याने वेळेत ऐकलेली असते, ढोल ऐकलेला नसतो. तेव्हा पौष-माघात पिल्लाला हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, काठी टेकत चालणारे आजोबा, बुरखा घातलेली बाई, हातगाडीवरचा भाजीवाला, शाळेतून आरडाओरडा करत येणारी मुले हे सगळे दाखवावे. लसी पूर्ण व्हायच्या असतील तर ते कडेवर घेऊन दाखवावे, कारण पार्व्हो या विषाणूचा संसर्ग गल्लीतल्या मातीतूनही होतो. मात्र लस पूर्ण होईपर्यंत पिल्लू घराबाहेर काढायचेच नाही असे ठरवले, तर ही मुदत हातची जाते आणि परत येत नाही. दाखवताना घाई नको. पिल्लू मागे सरले तर आपण दोन पावले मागे घ्यावीत आणि ते सैल झाले की खाऊ द्यावा.

शी-शूचे शिक्षण याच काळात होते आणि ते वाटते तितके अवघड नाही. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ थांबल्यावर पिल्लाला लगेच अंगणाच्या ठरलेल्या कोपऱ्यात न्यायचे, काम झाले की तिथेच, त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ द्यायचा. फरशीवर घाण झाली तर न बोलता पुसायची. नाक घाणीत घासण्याची जुनी रीत पिल्लाला एवढेच शिकवते की माणसासमोर हे काम करू नये. मग ते दिवाणामागे जाऊन करू लागते.

माघ-फाल्गुनात दुधाचे दात पडून नवे येऊ लागतात. चप्पल, पायपुसणे, दुचाकीची वायर, नळाच्या दिवशी अंगणात पसरलेली पाण्याची नळी, जे सापडेल ते चावले जाते. जळगावात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी घरोघरी मोटार लागते, ओल्या फरशीवर विजेची वायर लोळत असते आणि घरातले सगळे पाणी भरण्याच्या गडबडीत असतात. त्या तासापुरते पिल्लू आतल्या खोलीत ठेवावे. इथे शिकवण्याचा प्रश्नच नाही, हा जिवाचा प्रश्न आहे. एरवी चावायला काहीतरी हक्काचे दिले, जुन्या जीन्सच्या कापडाची घट्ट गाठ किंवा ओले करून बर्फात गार केलेले फडके, की चपला वाचतात. हाताला चावले तर खेळ तिथेच थांबवून उठून जावे. ओरडून हात झटकला तर पिल्लाला तो खेळच वाटतो.

चैत्र लागला की उकरण्याच्या तक्रारी सुरू होतात. जाई खणून काढली, गुलाबाच्या मुळाशी खड्डा केला, मिरचीची रोपे उपटली. यातला बराचसा भाग खोडसाळपणाचा नसतो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजाच्या गाद्यांवर; अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. त्याचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. वैशाखात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा धापा टाकून भागत नाही आणि पोट टेकायला गार माती शोधण्याशिवाय त्याच्यापुढे मार्ग राहत नाही. गार माती सापडते ती पाणी घातलेल्या झाडाच्या बुडाशी. म्हणजे घरातली बाई ज्या रोपाला रोज संध्याकाळी मायेने पाणी घालते, तेच रोप उकरले जाते. यावर कुत्र्याला मारून काही होत नाही, कारण मारामुळे ऊन कमी होत नाही.

उपाय म्हणजे त्याला त्याचा खड्डा द्यावा. लिंबाच्या किंवा भिंतीच्या सावलीत, जिथे दुपारी बारा ते चार ऊन येत नाही अशा जागी, कुत्रा आडवा पसरेल एवढा आणि वीतभर खोल खड्डा करून त्यात बांधकामातून उरलेली वाळू भरावी. एकट्या काळ्या मातीचा चिखल होतो आणि वाळल्यावर ती दगडासारखी टणक होते. वाळू ओल धरते आणि अंगाला चिकटत नाही. सकाळी त्यावर बादलीभर पाणी मारावे. पहिल्या दिवशी त्यात खाऊचे दोन-चार तुकडे वरवर पुरून ठेवले की कुत्रा तिथे उकरू लागतो, आणि तिथे उकरल्याबद्दल त्याचे कौतुक करावे. रोपांच्या बुडाशी मोठे दगड किंवा विटांचे तुकडे बसवावेत. या दोन्ही गोष्टी एकदम कराव्या लागतात. नुसते दगड बसवले तर कुत्रा तिसरीकडे उकरतो. पाण्याची सिमेंटची कुंडी सावलीत असावी आणि रोज घासून भरावी. फरशी किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांवर हाताचा मागचा भाग सात-आठ सेकंद टेकवता येत नसेल तर कुत्र्याचे पायही तिथे भाजतात. अशा वेळी फिरवणे आणि शिकवणे दोन्ही बंद. लाळ गळते आहे, हिरड्या लालभडक झाल्या आहेत, पाय लटपटतात, अशी लक्षणे दिसली तर उष्माघात समजावा. अंगाचे तापमान ४१ अंशांच्या वर गेलेले असू शकते. साधे पाणी अंगावर ओतत, पंखा लावून, तसेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावे.

याच उन्हाळ्यात अनेक घरांत साखळी येते. झाडे वाचावीत, पाहुण्यांवर उडी मारू नये, गेट उघडे राहिले तर पळू नये, अशी कारणे खरी असतात, पण साखळीची किंमत फार मोठी पडते. बांधलेल्या कुत्र्याला भीती वाटली तर पळता येत नाही. पळण्याची वाट बंद झाली की उरते ती चावण्याची. गल्लीतून मुले जातात, कुत्रा त्यांच्याकडे झेपावतो, मान आवळते, दुखते. मुले दिसली की दुखते असा मेळ बसायला फार दिवस लागत नाहीत. ‘लहान होता तेव्हा किती प्रेमळ होता, आता मुलांच्या अंगावर जातो,’ असे सांगणाऱ्या घरी गेले की पुष्कळदा अंगणातल्या लोखंडी खुंट्याभोवती गोल झिजलेली जमीन आधी दिसते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या ११व्या कलमात अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावर दीर्घकाळ बांधणे आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे, हे दोन्ही गुन्हे म्हणून नमूद आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी राखणीच्या दृष्टीनेही बांधलेला कुत्रा कामाचा नाही. तो सगळ्यांवर सारखाच भुंकतो, त्यामुळे चोर कोण आणि कुरिअरवाला कोण हे घरातल्यांना त्यावरून कळत नाही.

साखळीला पर्याय म्हणून दोन गोष्टी. एक म्हणजे बंद होणारे गेट आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला लावलेला पत्रा किंवा हिरवी शेडनेट. रस्त्यावरची कुत्री आणि माणसांचे पाय दिसेनासे झाले की भुंकणे लक्षात येण्याइतके घटते. इतक्या स्वस्तात इतका फरक पाडणारा दुसरा उपाय अंगणात नाही. दुसरी म्हणजे कासरा. बैलाचा सुती कासरा, पंधरा-वीस फुटांचा, गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा छातीवरून जाणाऱ्या पट्ट्याला बांधलेला बरा. कासरा ओढण्यासाठी नाही. त्याचा उपयोग एवढाच की शिकवताना कुत्र्याला गेटपर्यंत धावत जाऊन जुनाच धडा पुन्हा गिरवता येऊ नये.

शिकवणीला तीनच शब्द पुरतात: ‘ये’, ‘बस’ आणि ‘जागेवर’. घरातल्या सर्वांनी तेच शब्द वापरायचे हे आधी ठरवून घ्यावे, कारण आजी ‘हाड’ म्हणते, मुलगा ‘कम’ म्हणतो आणि वडील नुसती शिट्टी मारतात तिथे कुत्रा काहीच शिकत नाही. खाऊ म्हणून भाकरीचा तुकडा चालत नाही. भाकरी त्याला फुकट मिळतेच. उकडलेले अंडे, पनीर, मसाला न घातलेले कोंबडीचे मांस यांचे शेंगदाण्याएवढे तुकडे करावेत. घरातले उरलेले अन्न खाऊ म्हणून देण्याची सवय इथे घातक ठरते. खानदेशी भरितात कांद्याची पात असते, रश्शात कांदा असतो, आणि कांदा कुठल्याही रूपात कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतो. बेदाणे आणि चॉकलेटही विषारीच.

सुरुवात गेटपासून दूर, घरच्या ओट्यापाशी करावी. नाव घेऊन ‘ये’ म्हणायचे, कुत्रा वळला की त्याच क्षणी ‘शाबास’ आणि खाऊ. हा क्षण चुकता कामा नये. दोन-तीन सेकंदांनी दिलेला खाऊ त्याने मधल्या वेळात जे केले त्याचा ठरतो. शांत अंगणात हे पक्के झाले की ओट्यावर एक गोणपाट अंथरून त्यावर बसायला शिकवावे. तीच त्याची ‘जागा’. मग हळूहळू गेटच्या जवळ यावे, घरातलाच कोणी गेटबाहेर उभा करावा, त्याने कडी वाजवावी. कडी वाजली की गोणपाटावर खाऊ पडतो, हे कुत्र्याच्या डोक्यात बसले की कडीचा आवाज भुंकण्याचा राहत नाही, गोणपाटाकडे जाण्याचा होतो. त्यानंतरच दूधवाला. त्याच्या गाडीचा आवाज ओळखीचा झालेला असतोच. गाडी वळणावर असतानाच कुत्र्याला कासऱ्यासह ओट्यावर आणावे, दूधवाला जाईपर्यंत एकेक तुकडा देत राहावे. दूधवाल्याला दोन शब्द सांगून ठेवले तर तोही आनंदाने थांबतो. गावात अशी मदत मागितली की मिळते.

या शिकवणीत मध्येच एक टप्पा असा येतो की भुंकणे अचानक वाढते. जी कृती आजवर फळ देत होती ती निष्फळ झाली की जनावर आधी ती जास्त जोराने करून पाहते. याच दिवसांत घरचे कंटाळून ओरडतात किंवा काठी उचलतात आणि सगळी मेहनत वाया जाते. हे दिवस निभावले तर पुढे उतार लागतो. सवय पक्की झाल्यावर खाऊ दर वेळी देऊ नये, मधून मधून द्यावा. कधीतरी मिळणाऱ्या फळासाठी केलेली कृती जास्त काळ टिकते, हे बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिले. त्याचीच उलट बाजू अशी की पाहुण्यांवर उडी मारणाऱ्या कुत्र्याला दहातल्या एका पाहुण्याने जरी लाडाने कुरवाळले तरी ती उडी सुटत नाही.

काठीविषयी स्पष्ट सांगायला हवे. ‘कुत्र्याला दाब दाखवला नाही तर तो डोक्यावर बसतो’ ही समजूत घट्ट आहे. तिला शास्त्राचा आधार म्हणून लांडग्यांच्या टोळीचे उदाहरण दिले जाते. ते उदाहरण १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणावरून मांडलेल्या निष्कर्षांतून आले. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी पुढे ते स्वतःच्या ग्रंथात वापरले. मात्र १९९९ साली रानातल्या लांडग्यांवरचे आपले काम मांडताना त्यांनीच दाखवून दिले की मोकळ्या रानातली टोळी म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्ले, सत्तेसाठी झगडणारी फौज नव्हे. शिवाय काठीचा एक परिणाम फार धोक्याचा असतो. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो, पण ज्याला तो गुरगुरत होता त्याची भीती सोडत नाही. मग तो सूचना न देता चावतो. ताटलीपाशी गुरगुरणाऱ्या कुत्र्याची ताटली ओढून घेण्याऐवजी जाता-जाता तिच्यात अंड्याचा तुकडा टाकत गेले की माणसाचे जवळ येणे त्याला हवेसे वाटू लागते.

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. गल्ल्या माणसांनी भरतात, टाळ-मृदंग, ढोल, भोंगे यांचा गजर दिवसभर चालतो. त्या वर्षीचे पिल्लू तेव्हा आठ-नऊ महिन्यांचे असते. ज्येष्ठ महिन्यापासूनच मोबाइलवर ढोलाचा आवाज अगदी बारीक लावून जेवण द्यावे आणि आवाज दिवसागणिक थोडा वाढवावा. रथाच्या दिवशी मात्र अंगणात ठेवूच नये. मागच्या खोलीत, खिडकी लावून, पंखा सुरू करून, घरातले कोणीतरी जवळ असावे. दिवाळीतही हीच तयारी उपयोगी पडते, पण फटाक्यांचा हादरा आणि वास ध्वनिमुद्रणात नसतो. भेदरलेला कुत्रा कंपाउंडची भिंत सहज ओलांडतो आणि मैलभर लांब सापडतो. तेव्हा त्या दिवसांत गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहिलेला असावा. भेदरलेल्या जनावराला जवळ घेतल्याने त्याची भीती वाढते असे काही जण सांगतात. तसे होत नाही. त्याला निर्धास्त जवळ घ्यावे.

दिवाळीआधी भाद्रपद येऊन गेलेला असतो. नराला गल्लीतल्या मादीचा वास येतो आणि तोवर शहाणा असलेला कुत्रा गेटखालून सरपटून निघतो, दोन-दोन दिवस घरी येत नाही, येतो तेव्हा कान फाटलेला असतो. मादी असेल तर अंगणाबाहेर कुत्र्यांचा मेळा जमतो. शिकवणीने हे आवरत नाही. नसबंदीने बरेचसे आवरते, आणि ती करून घेणे हेच योग्य. नर पाय वर करू लागतो तोही याच सुमारास. त्याला उंच, एकटी, कोपरा असलेली वस्तू आवडते आणि अंगणात तशी वस्तू म्हणजे तुळशीवृंदावन. घरातल्या ज्येष्ठांना याचा होणारा त्रास खरा आहे, त्याला किरकोळ समजू नये. वृंदावन साबणाच्या पाण्याने नीट धुऊन वास घालवावा, काही आठवडे त्याभोवती कुंड्यांचे कडे करावे आणि गेटजवळच्या कोपऱ्यात एक लाकडी खांब रोवून, सकाळी सोडल्याबरोबर कुत्र्याला आधी तिथे न्यावे.

इतके करूनही चावण्याची वेळ येऊ शकते. घरच्याच, लस दिलेल्या कुत्र्याने ओरखडा काढला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, तिखट, चुना काहीही लावू नये. कुत्र्याला रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी द्यावी. ज्या कुत्र्याचे वागणे चार-सहा महिने सुरळीत होते आणि एकाएकी बिघडले, जो हात लावू देत नाही, सावलीतून उठत नाही, लहान आवाजालाही दचकतो, त्याच्यावर नवी शिकवणी लादू नये. कानातला पू, मोडलेला दात, पायात घुसलेली काच, गोचिडांमुळे होणारा ताप यांतले काहीतरी बहुधा निघते. अशा कुत्र्याला आधी डॉक्टरकडे न्यावे, आणि दुखणे बरे झाल्यावर ओट्यापासून, पहिल्या ‘ये’पासून, पुन्हा सुरुवात करावी.